उच्चार बरोबर, मग अडतंय कुठे?

गणपतीच्या दहा दिवसांत आपल्याकडे घरोघर दिसणारं एक दृश्य. आठ-नऊ वर्षांचं मूल छोटी पुस्तिका हातात धरतं आणि अख्खं अथर्वशीर्ष खणखणीत वाचून दाखवतं. ऱ्हस्व-दीर्घ जागच्या जागी, जोडाक्षरं स्वच्छ, विसर्गसुद्धा सांभाळलेले. आजी खूश होते, हातावर मोदक पडतो. आत्ता काय वाचलंस, असं कुणी विचारत नाही. विचारलंच तर उत्तर तपासू शकणारं माणूस बहुतेक घरांत नसतं. तिकडे मोहल्ल्यातल्या मदरशात नाजरा शिकणारं मूल अरबी कुराण याच रीतीने वाचतं. लिपी फुटते, उच्चार बसतो, अर्थाचं पुढे कधीतरी. पठणात यात वावगं काही नाही, कारण तिथे महत्त्व उच्चारालाच आहे.

मेळघाटातल्या एका शाळेत दुसरीच्या मुलाला वाचताना ऐकलं, तेव्हा मला तो मोदक आठवला. पावसावरचा चार ओळींचा उतारा त्याने न अडखळता वाचला. मी विचारलं, “ढग आल्यावर मुलांनी काय केलं?” त्याने माझ्याकडे पाहिलं, पुस्तकाकडे पाहिलं आणि अगदी नम्रपणे उतारा पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला. गुरुजी म्हणाले, “वाचन चांगलं आहे त्याचं. आकलन तेवढं कच्चं आहे.” त्याच्या घरी कोरकू बोलतात. मराठी त्याला शाळेतच भेटलेली.

गुरुजींचं ते वाक्य महाराष्ट्रातल्या हजारो वर्गांत रोज बोललं जातं. त्यात वाचन ही एक वस्तू आहे आणि आकलन ही तिच्यावर नंतर चढवायची दुसरी. मूल घरी एक भाषा बोलतं आणि शाळेत दुसऱ्या भाषेत वाचायला शिकतं, तेव्हा नेमकं काय काय घडतं यावर जगभर पन्नासेक वर्षं अभ्यास चालू आहे. त्यातून पुष्कळ गोष्टी स्पष्ट झाल्या आहेत. त्यांतली सर्वांत पक्की गोष्ट आपल्या वर्गांत सर्वांत कमी ऐकू येते: छापील अक्षर समोर येण्याआधी ती भाषा मुलाच्या कानात आणि तोंडात किती उतरली होती, यावर बाकीचं बहुतेक सारं ठरतं.

फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या दोघांनी 1986 साली वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं. समजून वाचणं म्हणजे अक्षरं फोडण्याची ताकद गुणिले बोललेली भाषा समजण्याची ताकद. बेरीज नव्हे, गुणाकार. दोहोंतलं एक शून्य असेल तर उत्तर शून्य. अथर्वशीर्ष वाचणाऱ्या मुलाचं पहिलं पद भरभक्कम असतं आणि दुसरं जवळजवळ शून्य. शाळेत कधीच न गेलेल्या पण कीर्तन तासभर रंगून ऐकणाऱ्या आजीचं नेमकं उलट. या सूत्राला पुढे अनेकांनी फाटे फोडले, तरी दुसऱ्या भाषेतल्या वाचनाचं कोडं सोडवायला ते अजून सर्वांत उपयोगी पडतं.

अमेरिकेत डायन ऑगस्ट आणि टिमोथी शॅनहन यांनी संपादित केलेला एक जाडजूड राष्ट्रीय अहवाल 2006 मध्ये आला. घरी इंग्रजी न बोलणाऱ्या मुलांच्या वाचनावरचं तोवरचं संशोधन त्यात चाळून काढलेलं होतं. निष्कर्ष असा, की चांगलं शिकवलं तर ही मुलं सुटे शब्द वाचण्यात आणि स्पेलिंगमध्ये इंग्रजी घरांतल्या मुलांच्या जवळपास पोचतात. उतारा समजण्यात मात्र ती बरीच मागे राहतात, आणि मागे राहण्याचं मोठं कारण त्यांची बोलण्या-ऐकण्यातली इंग्रजी. मेळघाटातल्या त्या मुलाचं वर्णन अमेरिकेतल्या अहवालात इतकं तंतोतंत सापडावं, याचं मला आधी आश्चर्य वाटलं, मग वाटलं नाही. गुणाकार तोच आहे.

आपण मोजतो काय, हेही इथेच पाहून घेऊ. ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने 2005 पासून होणारी ‘असर’ची पाहणी आता सर्वांना माहीत आहे. अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट, असं मूल चढत जातं. देशभरात सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचणारी 2022 मध्ये 16.3 टक्के होती, 2024 मध्ये 23.4 टक्के झाली. आकडा बोचरा आहे आणि त्याने यंत्रणा हलवली, हे मान्यच. पण या चाचणीत मूल मोठ्याने वाचतं आणि ऐकणारा ऐकतो. गंमत म्हणजे ‘असर’च्याच इंग्रजी चाचणीत शब्द किंवा वाक्य वाचणाऱ्या मुलाला त्याचा अर्थही विचारतात. इंग्रजी परकी, म्हणून अर्थ विचारायचा; मराठी आपली, म्हणून गृहीत धरायचा. कोरकू मुलालाही चाचणी या दुसऱ्या, ‘मराठी आपली’च्या रांगेत बसवते आणि त्याचा घोटाळा आकड्यात दिसतच नाही. 5 जुलै 2021 ला सुरू झालेल्या ‘निपुण भारत’मध्ये तिसरीला मिनिटाला किमान 60 शब्द, तेही अर्थासह, असं लक्ष्य लिहिलं आहे. मिनिट मोजायला मोबाइल पुरतो. अर्थ मोजायला मुलाशी बोलावं लागतं, त्यामुळे वर्गात 60चा आकडा टिकतो आणि ‘अर्थासह’ गळून पडतो.

आता ही मुलं कोण? ‘दुसरी भाषा’ म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर इंग्रजी येते. महाराष्ट्रातल्या फार मोठ्या समूहासाठी दुसरी भाषा म्हणजे मराठीच. 2011 च्या जनगणनेनुसार राज्यात आदिवासी लोकसंख्या सुमारे 1 कोटी 5 लाख, म्हणजे नऊ टक्क्यांहून थोडी जास्त. त्यातल्या कित्येकांच्या पोरांना आज मराठी सहज येते, कित्येकांच्या नाही. पण त्यांना एकाच पिशवीत भरणं ही पहिली चूक. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्यातली पावरी आणि भिली या मराठीच्या नात्यातल्या भाषा आहेत. वाक्याची चाल ओळखीची, कित्येक शब्द थोडे वळवले की मराठी. भामरागडची माडिया आणि गोंडी द्रविड कुळातली, तेलुगू-कन्नडच्या नात्याची. कोरकू तर मुंडा कुळातली, तिची दूरची बहीण झारखंडची संथाळी. पाण्याला गोंडीत ‘एर’ म्हणतात, कोरकूत ‘डा’. ‘पाणी’ हा शब्द वाचून ज्याच्या डोळ्यांसमोर काही ओलं येत नाही, अशा मुलाला आपण पाठाचं नाव ‘पाणी वाचवा’ देतो.

अंतर व्याकरणातही आहे. मराठीत झाड ते, चिंच ती, पिंपळ तो. रस्ता तो आणि वाट ती, चालणारा मात्र एकच. कोरकूत नामांची वाटणी सजीव-निर्जीव अशी आहे, गोंडीत पुरुष आणि बाकी सगळं अशी. ‘माझी वही फाटला’ असं म्हणणाऱ्या मुलाला आपण हसतो. त्याच्या भाषेत वही बाईही नाही आणि बुवाही नाही. वाचताना याचा उपद्रव असा, की मराठी वाचक ‘ती’ किंवा ‘तिला’ या सर्वनामाचा धागा मागच्या नामाला आपोआप बांधतो. या मुलाला तो बांधता येत नाही, आणि तिसऱ्या वाक्यात गोष्ट हातची सुटते.

आणि सीमारेषा तरी कुठे ठाम आहे? अहिराणी बोलणारं मूल, मालवणीत भांडणारं मूल, झाडीपट्टीतलं मूल हे पहिल्या भाषेत वाचतं की दीड भाषेत? गोव्यात कोकणी घरातली किती तरी मुलं मराठी शाळेत वाचायला शिकली. भाषा जवळच्या, लिपी एक, मराठी कानावर भजनातून आणि नाटकातून आधीच आलेली, त्यामुळे निभावलं. निवृत्त सनदी अधिकारी धीर झिंगरन यांनी 2005 साली भाषेमुळे होणाऱ्या शैक्षणिक तोट्यावर पुस्तक लिहिलं. देशातल्या प्राथमिक शाळेतल्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या मुलांना घरची आणि शाळेची भाषा वेगळी असल्याने बऱ्यापैकी ते तीव्र अडचण येते, असा त्यांचा अंदाज होता. बोलींची दीड भाषावाली मुलं धरली तर हा हिस्सा कुठवर जाईल, हा वेगळा वाद.

आता लिपीकडे येतो, कारण गुणाकाराचं पहिलं पदही दिसतं तितकं सोपं नाही. ‘देवनागरी शास्त्रशुद्ध, जसं लिहिलं तसं वाचायचं’ हे वाक्य आपण अभिमानाने सांगतो. निम्मं खरं आहे. चौतीस-पस्तीस व्यंजनांना बाराखडीच्या बारा खुणा लावल्या की चारशेच्या वर आकृत्या होतात, आणि जोडाक्षरं अजून दारातच उभी असतात. बंगळुरूत कन्नड वाचनाचा अभ्यास करणाऱ्या सोनाली नाग यांनी 2007 मध्ये दाखवलं, की अक्षरांची ही फौज ताब्यात यायला पहिलीचं एक वर्ष पुरत नाही. हे शिक्षण पुढच्या कित्येक इयत्तांत चालूच राहतं. इंग्रजी मुलाला 26 अक्षरं लवकर येतात आणि नंतर स्पेलिंग छळतं. आपल्या मुलाला अक्षरंच लवकर संपत नाहीत.

शिवाय ऱ्हस्व वेलांटी. ‘कि’ उच्चारताना क आधी, लिहिताना वेलांटी आधी. ज्योत्स्ना वैद आणि अशुम गुप्ता यांनी 2002 मध्ये हिंदी वाचकांवर प्रयोग केला, तेव्हा या उलट्या क्रमाची किंमत वाचनाच्या वेळेत दिसली. र तर बहुरूपी आहे: कर्म, क्रम, ट्रक, तऱ्हा. आणि ‘जसं लिहिलं तसं’ म्हणावं तर ‘चार’ आणि ‘चारा’ यांतले दोन च वेगळे, ‘करतो’ वाचताना र मधला अ गिळायचा, ‘करवत’मध्ये र मधला आणि शेवटच्या त मधलाही गिळायचा. हे सगळं मराठी घरातलं मूल नियम म्हणून शिकतच नाही. शब्द त्याला आधीच येतो, त्यामुळे ‘चारा’ पाहिलं की जीभ योग्य जागी जाते. अडखळत अंदाजाने वाचलं तरी कान दुरुस्ती करतो. ज्याला शब्दच माहीत नाही त्याच्याकडे दुरुस्ती करणारा कान नाही. म्हणजे सूत्रातली दोन पदं एकमेकांपासून स्वतंत्रही नाहीत. भाषा कमी पडली की अक्षरं फोडणंसुद्धा अवघड होतं.

आपल्याकडच्या वर्गांत बसून केलेला एक मोठा अभ्यास इथे सांगायला हवा. शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात मराठीचा आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये कन्नडचा मागोवा सलग तीन वर्षं घेतला. त्याचा अहवाल 2017 मध्ये आला. तिसरीच्या अखेरीसही अनेक मुलं साधा उतारा वाचू शकत नव्हती. पाठ्यपुस्तक पहिलीतच सगळी अक्षरं आटोपून पुढे निघून जातं आणि मूल मागे ‘ग’च्या गल्लीत राहतं. शिकवणं म्हणजे मुळाक्षरं गिरवणं आणि फळ्यावरून उतरवून घेणं. प्रश्न विचारले तर असे, की उत्तर उताऱ्यातलं वाक्य जसंच्या तसं उचलून देता यावं. त्या शेवटच्या प्रकारात तर अर्थ न कळताही पैकीच्या पैकी गुण मिळतात.

फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सिन बर्नसन यांनी अक्षरगटांची जी रीत बसवली, तिच्यामागची समज याच्या उलट होती. सगळी वर्णमाला आधी पाठ करायची नाही. मोजकी अक्षरं आणि एखादी खूण घ्यायची, की पहिल्या आठवड्यातच खरे शब्द वाचता येतात. वाडा तालुक्यातल्या सोनाळ्याला नीलेश निमकर यांनी उभ्या केलेल्या ‘क्वेस्ट’ने गोष्ट, गप्पा, लेखन आणि अक्षरं यांची मोट बांधली. या कामांमुळे ‘कानामात्राविरहित शब्द’ नावाच्या हट्टाला थोडा तरी आळा बसला. त्या हट्टापायी बनवलेली वाक्यं महाराष्ट्रातल्या कुठल्याच घरात कुणी कधी बोललेलं नाही. पण एक मेख इथेही राहते. अक्षरगटातून तयार होणारा ‘खरा शब्द’ कुणासाठी खरा? ‘मका’ मेळघाटात चालेल, ‘कमळ’ चालेलच असं नाही. आणि ‘नमन’? तो शब्द शहरातल्या मराठी पोरालाही वाचूनच कळतो.

शब्दांचा साठा हा या सगळ्यातला सर्वांत हट्टी घटक. मार्सेला हू आणि पॉल नेशन यांच्या 2000 सालच्या अभ्यासानुसार मजकूर बिनमदतीने नीट कळायला त्यातले शंभरातले 98 शब्द ओळखीचे लागतात. तो अभ्यास मोठ्या विद्यार्थ्यांवरचा होता, लहान मुलांना आकडा जसाच्या तसा लावू नये. तरी अंदाज येतो. पन्नास शब्दांच्या उताऱ्यात एखादा शब्द अडला तर मूल तो उडी मारून जाईल. दर ओळीत तीन अडले तर उडी मारायला जमीनच उरत नाही. आणि हा साठा अक्षरांसारखा एका वर्षात भरून निघत नाही. टोरांटोतल्या स्थलांतरित मुलांच्या नोंदी तपासून जिम कमिन्स यांनी 1981 मध्ये सांगितलं, की खेळण्या-बोलण्यापुरती भाषा साधारण दोन वर्षांत येते, पण अभ्यासाची, पुस्तकाची भाषा सवंगड्यांच्या पातळीला यायला पाच ते सात वर्षं लागतात. मधल्या काळात शिक्षक फसतात. पोरगं मैदानावर फडाफडा मराठी बोलतं, मग ‘बाष्पीभवन’ का कळत नाही? म्हणजे लक्षच नाही! ‘अप्रगत’ हा शिक्का पुष्कळदा या मधल्या वर्षांत बसतो.

न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना इंग्रजी वाचायला शिकवणाऱ्या सिल्व्हिया अॅश्टन-वॉर्नर यांनी यावर एक धीट उपाय केला. त्यांचं 1963 सालचं ‘टीचर’ मराठी शिक्षकांमध्येही बरंच वाचलं गेलं. वाचनपाठाचे शब्द त्या ठरवत नसत. रोज सकाळी प्रत्येक मुलाला विचारत, आज तुला कोणता शब्द हवा? मुलं भीतीचे आणि प्रेमाचे शब्द मागत. भूत हा अशाच मागण्यांतला एक. तो शब्द जाड कार्डावर लिहून मुलाच्या हाती दिला जाई आणि एकदा पाहून कायमचा ओळखला जाई. पूर्ण वर्षाचा अभ्यासक्रम यावर चालवता येणार नाही, हे खरं. तरीही मला वाटतं, केंद्रप्रमुखांच्या तपासणीपुढे ही गोष्ट आपल्याकडे जितकी अशक्य मानली जाते तितकी ती नाही.

आता पहिल्या भाषेकडे, कारण इथे संशोधन आणि पालक यांचं सरळ भांडण आहे. घरची भाषा शाळेत आणली तर दुसरी भाषा कच्ची राहील, ही भीती साधी-सरळ आहे, आणि पुराव्यात ती टिकत नाही. आयदिन दुरगुनोग्लू आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये अमेरिकेतल्या स्पॅनिश घरांतल्या पहिलीच्या मुलांवर काम केलं. ज्यांना स्पॅनिशमधले ध्वनी सुटे करता येत आणि स्पॅनिश शब्द वाचता येत, ती इंग्रजी शब्द वाचण्यातही पुढे होती. शब्द ध्वनींचे बनतात आणि खुणा त्या ध्वनींच्या असतात, हा शोध माणूस एकदाच लावतो. तो कोणत्याही भाषेत लावला तरी चालतो, पण समजणाऱ्या भाषेत सोपा जातो. आपल्याकडे तर आणखी सोय आहे. कोरकू, भिली, गोंडी देवनागरीत लिहिता येतात. ‘डा’ वाचताना कमावलेला ड मराठीत तसाच वापरता येतो. ओडिशाने 2007 पासून आदिवासी भाषांतून सुरुवातीचं शिक्षण देताना बहुतेक भाषांना ओडिया लिपी दिली, त्यामागे हाच व्यवहारी विचार होता.

मग महाराष्ट्राने का नाही केलं? कारणं सगळीच आळसाची नाहीत. नंदुरबारच्या एका वर्गात तीन बोली असतात. बदलीवर आलेल्या शिक्षकाला एकही येत नाही आणि येऊ लागेपर्यंत पुन्हा बदली होते. पालक स्वतः म्हणतात, आमची भाषा आम्ही घरी शिकवू, तुम्ही साहेबाची शिकवा. उलट उदाहरणही आहे. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेने 2019 मध्ये गोंडी माध्यमाची शाळा स्वतःच उघडली, आणि मग मान्यतेच्या प्रश्नावर शासनाशी झगडणं त्यांच्या नशिबी आलं. पूर्ण माध्यम बदलणं जमेल तिथे जमो. त्याआधी दोनशे कोरकू शब्द आणि चाळीस वाक्यं शिक्षकाच्या वहीत असणं, आणि मुलाने ‘डा’ म्हटल्यावर ते चूक न धरता फळ्यावर ‘पाणी’च्या शेजारी लिहिणं, याला कुठल्याही जीआरची वाट पाहावी लागत नाही. मी पाहिलेल्या चांगल्या वर्गांत एवढंच वेगळं होतं.

‘पण कॅनडात तर दुसऱ्या भाषेतच शिकवून मुलं तयार झाली!’ हा प्रश्न शहरातल्या पालकसभेत हमखास येतो. मॉन्ट्रियलजवळच्या सेंट लँबर्ट इथे 1965 मध्ये इंग्रजी घरांतल्या मुलांना बालवर्गापासून फ्रेंचमध्ये शिकवायला सुरुवात झाली. मुलं फ्रेंच शिकली, इंग्रजीही गमावली नाही. हे सगळं खरं. पण ती मुलं देशातल्या बलवान भाषेची होती. शाळा त्यांच्याच आई-वडिलांनी मागून घेतली होती. बाईंना मुलांची इंग्रजी कळत होती आणि सुरुवातीला मुलं इंग्रजीत बोलली तरी त्यांना कुणी दटावत नव्हतं. दुसरीपासून इंग्रजी वाचनही शिकवलं गेलं. तो प्रयोग अभ्यासणाऱ्या वॉलेस लँबर्ट यांनीच पुढे भर घालणारी आणि वजा करणारी द्विभाषिकता असा भेद केला. आपल्या गल्लीतल्या इंग्रजी शाळेत बाईंची इंग्रजी पुस्तकापुरती, घरी इंग्रजी शून्य, वर्गात मराठी बोलल्यास दंड. नाव तेच, गणित वजाबाकीचं.

इंग्रजीची गोष्ट आलीच आहे तर लिपीचा हिशेब पुरा करतो. फिलिप सेमूर आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये तेरा युरोपीय भाषांतली पहिली संपवलेली मुलं तपासली. ग्रीक, फिनिश, जर्मन मुलं ओळखीचे शब्द 95 टक्क्यांहून जास्त बरोबर वाचत होती. इंग्रजी मुलं, तीही इंग्रजीच मातृभाषा असलेली, 34 टक्के. ज्या लिपीने स्वतःच्या लेकरांना इतकं दमवलं, ती आपण 2000 सालापासून राज्यातल्या प्रत्येक पहिलीत आणली. ऐकायला-बोलायला आणली असती तर माझी तक्रार नव्हती. गाणी, सूचना, खेळ, दोन वर्षं नुसता कान तयार करायचा. पुष्कळ शाळांत झालं असं, की पहिल्या महिन्यापासून स्पेलिंग पाठ. अक्षरांची सवय असलेलं आपलं मूल ‘कॅट’चे ‘कॅ’ आणि ‘ट’ असे दोन तुकडे करतं. इंग्रजीला तीन हवे असतात. हा तिसरा तुकडा मुद्दाम ऐकवावा लागतो, आणि मराठी वाचन पक्कं असलेल्या मुलाला तो समजावून सांगणं तुलनेने सोपं पडतं. सेमी-इंग्रजीवर मी सरसकट टीका करणार नाही. मराठी वाचन उभं राहिल्यावर गणित-विज्ञानात इंग्रजी आणणाऱ्या काही जिल्हा परिषद शाळांनी ते नीट केलं आहे. अडचण ‘उभं राहिल्यावर’ या दोन शब्दांची.

वयाचा मुद्दा 2025 मध्ये भलताच तापला. 16 एप्रिलच्या शासन निर्णयाने पहिलीपासून हिंदी आली, 29 जूनला निर्णय मागे घेतला गेला आणि डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती नेमली गेली. दोन्ही बाजूंनी बरंच राजकारण झालं, त्यात मी पडत नाही. पण ‘लहानपणी भाषा पटकन येतात’ हे वाक्य मात्र तपासायला हवं. कॅथरिन स्नो आणि मारियन हूफनागल-हूले यांनी 1978 मध्ये नेदरलँड्सला राहायला आलेल्या इंग्रजी भाषकांना डच शिकताना पाहिलं. सुरुवातीच्या महिन्यांत सर्वांत वेगाने शिकले ते 12 ते 15 वर्षांचे, आणि चिमुरडी मागे होती. स्पेनमध्ये कार्मे मुन्योस यांच्या गटाला शाळेतल्या इंग्रजीबाबत तेच दिसलं: तास सारखे असतील तर उशिरा सुरू करणारे पुढे. लहान वयाचा फायदा असतो तो चोवीस तास ती भाषा अंगावर येत असेल तर. आठवड्याच्या चार तासिकांत तो मिळत नाही. हिंदीपुरतं बोलायचं तर शहरातल्या मराठी मुलाला ती टीव्हीने आणि सिनेमाने आधीच ऐकवलेली असते, लिपी जवळपास तीच, त्यामुळे पाचवीत आली तरी वाचन महिन्याभरात सुरू होतं. मग छळतात ते सारखे दिसणारे शब्द. ‘शिक्षा’ वाचून मराठी मूल छड्या मोजायला लागतं. तिथे असतं शिक्षण.

आणि या साऱ्याच्या खाली शाळेत असणं-नसणं. दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबाची मुलं उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाचं या महिन्यांत वाचन मागे पडतं, पण भाषा त्याच्यासोबत असते. कातकरी किंवा पावरा मुलाची मराठी शाळेच्या खोलीतच ठेवलेली असते. खोली बंद, भाषा बंद. शाळा सुटल्यावर ज्याच्या वाटेत दुकानाची पाटी, बसचा फलक, वर्तमानपत्राची पुडी येत नाही, त्याच्या बाबतीतही तेच. गोष्टींची पुस्तकं कपाटात कुलपात असण्याबद्दल आता नव्याने काय लिहायचं.

सूत्राची दुसरी बाजू मला समुद्रापलीकडे दिसली. माझ्या भाचीची मुलगी न्यू जर्सीत राहते. दहा वर्षांची, वाचते-लिहिते इंग्रजीत, पण आजीने फोनवर सांगितलेलं सगळं मराठी तिला कळतं, टोमणेसुद्धा. रविवारी मंडळाच्या मराठी शाळेत जाते. तिथे बाराखडी, कंटाळा, रडारड, सगळं यथासांग. मागच्या वर्षी ती इथे आली तेव्हा तिला एक चित्रांचं पुस्तक दिलं. म्हातारीने मांजराला दूध देण्याऐवजी चुकून ताक दिलं, अशी काहीतरी गोष्ट. ती बोट ठेवून वाचू लागली. ‘मां... ज... रा... ने’ला अर्धं मिनिट गेलं. वेलांटी उलटी वाचली, रफार गाळला. ‘निपुण’च्या घड्याळात ती कुठेच बसली नसती. ‘ता... ता... क’ एवढं झालं आणि पुढची अक्षरं फोडायची राहिलेली असतानाच ती खुदकन हसली. “आता ते आजोबांसारखं तोंड करणार,” म्हणाली, आणि पान उलटून बघायला लागली.